आपला नेता चुकला तर? पक्षनिष्ठा आणि जबाबदारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रचारात, पारावर, चहाच्या टपरीवर आणि घरातल्या जेवणाच्या ताटावर सतत कानावर पडतात. उत्तरं कुठल्याही एका पक्षाच्या बाजूने दिलेली नाहीत. उदाहरणं मुद्दाम सगळ्या पक्षांची घेतली आहेत, कारण दुसऱ्याच्या पक्षाचं उदाहरण आपल्याला नेहमीच लगेच पटतं.

मी वर्षानुवर्षं एका पक्षाचं काम करतो. आपल्याच नेत्याला जाब विचारणं ही गद्दारी नाही का?

नाही. उलट तो विचारण्याचा खरा अधिकार तुमचाच आहे. विरोधकांनी आरोप केला की पक्षाकडे उत्तर तयार असतं: "राजकीय सूडबुद्धी." वर्तमानपत्राने छापलं की "विकलेली माध्यमं." पण ज्याने वीस वर्षं सतरंज्या उचलल्या, बूथ सांभाळला, मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरला, त्याने उभं राहून "साहेब, हे खरं आहे का?" असं विचारलं तर त्याला कुणाचा हस्तक म्हणायचं?

निष्ठा पक्षाच्या विचाराशी असते की त्या विचाराच्या नावावर खुर्चीत बसलेल्या माणसाशी, हे प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःशी ठरवायला हवं. बहुतेकांची सुरुवात विचारापासूनच होते. पुढे कधी तरी साहेब, दादा, भाऊ हेच विचाराच्या जागी येऊन बसतात.

निष्ठा आंधळी झाली हे कसं ओळखायचं?

बातमीतलं नाव बदलून पाहा. तोच गैरव्यवहार, तीच रक्कम, तीच सही, फक्त नाव विरोधी पक्षाच्या नेत्याचं. तेव्हा तुम्ही जे बोलला असता तेच आता बोलता का? "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं" ही म्हण आपल्या आज्यांनी घरासाठी रचली असेल, पण राजकारणाला ती जशीच्या तशी लागू पडते.

पक्षातल्याच माणसाने आवाज उठवला आणि काही निष्पन्न झालं, असं कधी घडलंय का?

घडलंय, आणि त्याचा मोठा भाग आपल्या मुंबईत घडला.

१९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने, म्हणजे एलआयसीने, हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर सव्वा कोटी रुपयांच्या आसपास किंमत मोजून घेतले. एलआयसी स्थापन होऊन तेव्हा एक वर्षही पूर्ण झालं नव्हतं. पैसा लाखो विमाधारकांचा, आणि मुंदडांच्या कंपन्यांची अवस्था बाजारात कुणापासून लपलेली नव्हती. १६ डिसेंबर १९५७ रोजी लोकसभेत हा विषय लावून धरला तो फिरोज गांधींनी. ते सत्ताधारी काँग्रेसचे खासदार आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. त्यांना गप्प बसण्यासाठी घरचं आणि पक्षाचं, दोन्ही कारणं होती.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांची चौकशी नेमली. सुनावणी मुंबईत, उघडपणे झाली. सामान्य माणसं ती ऐकायला गर्दी करत होती, बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. मंत्री सचिवाकडे बोट दाखवत होते, पण खात्यात जे घडतं त्याची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असं छागलांनी स्पष्ट लिहिलं. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला. प्रश्न सभागृहात आल्यापासून राजीनाम्यापर्यंत जेमतेम दोन महिने गेले. आजच्या चौकशा आठवून पाहा.

त्याआधीचं १९५१ चं प्रकरणही मुंबईचंच. खासदार एच. जी. मुद्गल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून, म्हणजे सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून, पैसे घेऊन संसदेत तिचे विषय मांडल्याचा आरोप होता. ते काँग्रेसचे, आणि चौकशी समिती नेमण्याचा ठराव काँग्रेसच्याच पंतप्रधानांनी आणला. समितीने दोषी ठरवल्यावर, हकालपट्टीवर मतदान व्हायच्या आत मुद्गलांनी राजीनामा दिला. शिक्षेतून सुटायला राजीनामा द्यायचा, हाही सभागृहाचा अवमान आहे, असं सभागृहाने तेव्हा नोंदवून ठेवलं.

आणखी एक नाव घ्यायलाच हवं: चिंतामणराव देशमुख. त्यांचा विषय भ्रष्टाचाराचा नव्हता. कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले हे केंद्रीय अर्थमंत्री १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर, गोळीबारांची न्यायालयीन चौकशी होत नाही म्हणून, मंत्रिमंडळातून बाहेर पडले. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना आपण दरवर्षी अभिवादन करतो. त्यांच्यासाठी सत्तेतलं दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचं पद सोडणारा माणूस त्यासोबत आठवायला हरकत नाही.

पण महाराष्ट्रात तर कितीतरी मुख्यमंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. म्हणजे जबाबदारी निश्चित होतेच ना?

राजीनामा होतो. पुढे काय होतं ते बघू.

बॅ. ए. आर. अंतुले: सिमेंटची टंचाई होती, कोटा सरकारच्या हातात होता, आणि त्यांच्या ट्रस्टला देणग्या देणाऱ्या बिल्डरांना सिमेंट मिळत होतं. न्या. बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये हा देवघेवीचा व्यवहार असल्याचा निर्वाळा दिला आणि अंतुलेंना पायउतार व्हावं लागलं. फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालला, शिक्षा कधी झाली नाही. पुढे ते दोनदा केंद्रात मंत्री झाले.

शिवाजीराव पाटील निलंगेकर: मुलीच्या एमडी परीक्षेचे गुण वाढवल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर १९८६ मध्ये राजीनामा. पुढे राज्यात पुन्हा मंत्री.

मनोहर जोशी: पुण्यात प्रभात रस्त्याजवळचा, प्राथमिक शाळेसाठी राखीव असलेला भूखंड आरक्षणातून मोकळा झाला आणि त्यावर जावयाची टोलेजंग इमारत उभी राहिली. जानेवारी १९९९ मध्ये राजीनामा, मार्चमध्ये उच्च न्यायालयाचा प्रतिकूल निकाल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्रिपद, २००२ मध्ये लोकसभेचं अध्यक्षपद. आरक्षण उठवणं बेकायदा होतं यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये शिक्कामोर्तब केलं, तोपर्यंत जोशींची ही सगळी पदं भोगून झाली होती.

अशोक चव्हाण: कुलाब्यातल्या ३१ मजली आदर्श इमारतीच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१० मध्ये राजीनामा. २०१४ मध्ये नांदेडमधून लोकसभेवर, मग काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये प्रवेश करून राज्यसभेवर. त्यांच्यावर खटला चालवायला राज्यपालांनी दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली, हेही इथेच सांगायला हवं.

काँग्रेस, शिवसेना, भाजप. प्रत्येक वेळी न्यायालय किंवा वर्तमानपत्र यांच्या रेट्याने राजीनामा झाला, आणि प्रत्येक वेळी पक्षाने त्या माणसाला परत मानाचं पान वाढलं. परत घेताना पक्षाला एकाच गोष्टीची खात्री होती: कार्यकर्ते काही म्हणणार नाहीत.

"सगळेच खातात. निदान हा काम तरी करतो." यात चूक काय?

खाणं आणि काम हे दोन वेगळे हिशेब आहेत, ही समजूत चूक आहे. प्रभात रस्त्याचा तो भूखंडच पुन्हा बघा. तिथे कुणी कागदावरचे पैसे इकडचे तिकडे केले नव्हते. तिथे पोरांची शाळा व्हायची होती, ती झाली नाही. एका पिढीची पहिलीतली मुलं मोठी होऊन नोकरीला लागली तरी शाळेची जागा अडकलेलीच होती. टक्केवारी दिलेला रस्ता पहिल्या पावसात उखडतो, तेव्हा त्या रस्त्यावर पडतो तो त्याच नेत्याला मत दिलेला दुचाकीस्वार.

शिवाय "काम करतो" म्हणजे बहुतेकदा आपलं काम करतो. दवाखान्यात खाट मिळवून देतो, बदली थांबवतो, दाखला काढून देतो. अडल्या वेळी धावून आलेल्या माणसाचं मनात राहतं, आणि खाल्ल्या मिठाला जागावं हा आपला संस्कार आहे. पण ती खाट सरकारी दवाखान्याची असते, तो दाखला तुमच्या हक्काचा असतो. तो रांगेत सरळ मिळाला असता, तर उपकाराचा प्रश्नच आला नसता.

"तेव्हा कुठे होतात? त्यांच्या नेत्यांना का नाही विचारलंत?"

त्यांनाही विचारायला हवं होतं. नसेल विचारलं तर ती चूक मान्य करा आणि आजचा प्रश्न पुढे न्या. काल चोरी पचली म्हणून आजची माफ होत नाही.

यातली गोम अशी: दोन्ही बाजूंचे समर्थक एकमेकांना हाच प्रश्न विचारत बसतात आणि दोन्हीकडचे नेते निवांत राहतात. जळगावच्या घरकुल घोटाळ्यात ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यात शिवसेनेचे सुरेश जैन होते आणि राष्ट्रवादीचे गुलाबराव देवकरही होते. गरिबांच्या घरांच्या पैशांचा प्रश्न होता, आणि आरोपींच्या पिंजऱ्यात पक्षभेद नव्हता. पुढे अपिलं झाली, जामीन झाले, तो कायद्याचा भाग.

आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच असतो ना?

तुरुंगात टाकण्यासाठी, होय, आणि ते तत्त्व कुणाच्याही बाबतीत सोडू नये. आपल्याला नावडणाऱ्या नेत्याच्या बाबतीत तर नाहीच.

पण मंत्रिपद, उमेदवारी, जिल्हाध्यक्षपद हे कुणाचे जन्मसिद्ध हक्क नव्हेत. शाळेच्या निधीत गडबड झाल्याचा संशय आला तर संस्था खजिनदाराला चौकशी होईपर्यंत बाजूला करते. त्याला कुणी फाशी दिली असं म्हणत नाही. न्यायालयाचीच वाट पाहायची म्हटलं तर किती पाहायची? नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा घोटाळा २००२ मध्ये बाहेर आला. त्यात काँग्रेसचे सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली ती डिसेंबर २०२३ मध्ये. मधल्या एकवीस वर्षांत ते पुन्हा पुन्हा आमदार झाले, राज्यात मंत्रीही झाले. ठेवीदार शेतकरी त्याच काळात बँकेच्या पायऱ्या झिजवत होते.

कायद्याची बाजू थोडक्यात: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) नुसार दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली की आमदारकी-खासदारकी जाते, आणि सुटकेनंतर सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. पूर्वी अपील दाखल करून पद वाचवता येत असे. ती पळवाट सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात बंद केली. आता वरच्या न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली तरच पद वाचतं.

पक्ष बदलला की गुन्हा धुतला जातो का?

कायद्याने नाही. गुन्हा माणसावर असतो, झेंड्यावर नाही. पण तपास करणारी यंत्रणा सरकारच्या हाताखाली असते आणि खटल्यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली परवानगी लागते. २०१८ पासून सरकारी निर्णयांशी संबंधित प्रकरणांत चौकशी सुरू करायलाही आधी मंजुरी लागते, कलम १७अ. त्यामुळे सगळं कायदेशीर राहूनही फाइल जागची हलत नाही.

इथे खरी कसोटी स्वागताला जमलेल्या कार्यकर्त्यांची असते. ज्याच्याविरुद्ध काल मोर्चा काढला, आज त्याच्याच गळ्यात हार घालायचा, हे सांगणाऱ्याला "मग काल आपण खोटं बोलत होतो का?" एवढं तरी विचारा.

आमदार स्वतः का बोलत नाहीत? पक्षांतरबंदी आड येते का?

काही अंशी. राज्यघटनेच्या १९८५ च्या दहाव्या अनुसूचीनुसार व्हिप, म्हणजे पक्षादेश, मोडून मतदान केलं तर पद जाऊ शकतं. पण तो व्हिप सभागृहातल्या मतदानाला असतो. पक्षाच्या बैठकीत प्रश्न विचारण्यावर त्याने बंदी येत नाही. तिथे आड येते ती पुढच्या तिकिटाची भीती. आणि मतदाराला तर व्हिप नाहीच.

गावात राहून बोलणं शक्य आहे का? माझा ऊस उभा राहील त्याचं काय?

हा सगळ्यांत प्रामाणिक प्रश्न आहे, आणि शहरात बसून निष्ठावंतांना हसणाऱ्यांनी तो नीट ऐकावा.

आमदार कारखान्याचा अध्यक्ष. त्याचाच माणूस सोसायटीचा चेअरमन. दूध संघ, जिल्हा बँक, शाळा, सगळं त्याच गटाकडे. उसाची नोंद कारखान्यात झालेली, आता तोडणीची चिठ्ठी कधी येते याची वाट. चिठ्ठी एक-दोन महिने लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं, खोडवं मागे पडतं. कुणी उघड धमकी देत नाही. गटप्रमुख शांतपणे सांगतो, "टोळीच नाही हो शिल्लक." शेजारच्या फडात मात्र कोयते चालू असतात. त्या शेतकऱ्याला आंधळा म्हणणं अन्याय आहे. त्याला सगळं लख्ख दिसतं, म्हणूनच तो गप्प आहे.

त्याच्यासाठी वाट एकट्याने भाषण ठोकण्याची नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी दहा-बारा सभासदांनी मिळून लेखी प्रश्न द्यावेत आणि पोच घ्यावी. नोंदीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा क्रम लेखी मागावा. प्रश्न नेत्याच्या चारित्र्याचा न करता कागदाचा केला की गावातलं वैर जरा कमी होतं. आणि मत गुप्त असतं. यंत्रासमोर उभं राहिल्यावर कुठलाच गटप्रमुख शेजारी नसतो.

उमेदवाराची खरी माहिती कुठे मिळते?

त्याच्याच सहीच्या कागदात. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे हा हक्क आपल्याला मिळाला. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल ॲपवर ते कुणालाही उघडता येतं.

पानं बरीच असतात, पण तीन ठिकाणी थांबा. पहिलं, प्रलंबित गुन्हे: पोलीस ठाणे, कलम, न्यायालय, आणि आरोप निश्चित झालेत की नाही हा रकाना. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, "अमुक इतके गुन्हे" एवढ्या आकड्यावर जाऊ नका. दुसरं, मागच्या पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न, स्वतःचं आणि जोडीदाराचं. ते मालमत्तेच्या शेजारी ठेवा, मागच्या निवडणुकीचं शपथपत्रही काढा, आणि वाढ कुठून आली ते बघा. तिसरं, सरकारी थकबाकी आणि सरकारी कंत्राटांचा तपशील. हा शेवटचा भाग फार कमी लोक वाचतात आणि गावपातळीवर तोच सगळ्यांत जास्त बोलतो. खोटी माहिती दिली तर कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

"याच माणसाला तिकीट का?" असं पक्षाला विचारता येतं का?

पक्षाने न विचारताच सांगायचं आहे. फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार गुन्हे प्रलंबित असलेला उमेदवार निवडला, तर ते गुन्हे कोणते आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही, याची कारणं पक्षाने आपल्या संकेतस्थळावर, समाजमाध्यमांवर आणि वर्तमानपत्रांत द्यायची आहेत. "निवडून येण्याची क्षमता" हे एवढंच कारण चालत नाही. बिहारच्या निवडणुकीत हे नीट पाळलं नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने भाजप, काँग्रेस, राष्ट्रवादी, माकप अशा अनेक पक्षांना दंड ठोठावला, कुणाला एक लाख, कुणाला पाच लाख.

तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवाराचा हा खुलासा शोधून वाचा. "लोकप्रिय समाजसेवक, गुन्हे राजकीय हेतूने" अशी छापील वाक्यं दिसली, तर जिल्हाध्यक्षांना फोन करायला तुमच्याकडे सबळ कारण आहे.

तक्रार कुठे करायची?

लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री १०६४. कागद हवे असतील तर माहितीचा अधिकार: दहा रुपये शुल्क, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत, उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर पहिलं अपील. लोकआयुक्त कार्यालय आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने आलं, देशात सर्वांत आधी. त्याचं काम मुख्यतः शिफारशींपुरतं राहिलं. मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत आणणारं नवं विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केलं. थेट न्यायालयातही जाता येतं: अंतुले प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये स्पष्ट केलं की भ्रष्टाचाराची फिर्याद सामान्य नागरिकही दाखल करू शकतो.

वडील आणि मी वेगवेगळ्या पक्षाचे. घरात रोज भांडण होतं. काय करू?

नेत्यांवरून भांडण थांबवा, प्रश्नावर बोला. "बाबा, तुमचा नेता चोर आहे" म्हटलं की ते त्यांच्या तीस वर्षांच्या आयुष्यावर घाव घातल्यासारखं लागतं. "या टेंडरचं तुम्हाला काय वाटतं?" म्हटलं की बहुतेक वडील आपल्यापेक्षा कडक बोलतात.

सगळेच नकोसे वाटले तर नोटा?

तोही हक्क आहे. २०१३ पासून तो यंत्रावर आहे. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून अधिक मतं. पलूस-कडेगावमध्येही तसंच झालं. पण विधानसभा-लोकसभेत नोटाने निकाल बदलत नाही, जास्त मतं मिळवणारा उमेदवार निवडून येतोच. म्हणून मला स्वतःला नोटापेक्षा तिकीटवाटपाच्या आधीचे दोन महिने महत्त्वाचे वाटतात.

त्या दोन महिन्यांत कार्यकर्ता म्हणून नेमकं काय करू?

जिल्हाध्यक्षांना पत्र द्या, व्हॉट्सॲपवर नको, कागदावर, आणि त्यावर शिक्का मारलेली पोच घ्या. प्रदेशाध्यक्षांना प्रत पाठवा. एका पानापेक्षा जास्त लिहू नका. तुम्ही किती वर्षं, कुठल्या बूथवर काम करता ते पहिल्या ओळीत. मग एकच प्रकरण: तारीख, आदेश किंवा गुन्ह्याचा क्रमांक, न्यायालयाचं नाव. ऐकीव काही नको, विशेषणं नकोत. शेवटी दोन प्रश्न: पक्षाने याची चौकशी केली का, आणि चौकशी होईपर्यंत या व्यक्तीला उमेदवारी देणार का? खाली तुमच्याच बूथच्या आणखी चार-पाच जणांच्या सह्या घ्या. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी, पहिल्या पत्राची पोच जोडून, दुसरं पत्र द्या.